रोल्यातली मोजणी

रोला म्हणजे वड.
वड गेला, नाव राहिलं, आणि त्या नावाखाली आता
सतरा कडुनिंब, सांडपाणी गाळून वाढवलेले.
दर गुरुवारी मगरिबच्या जरा आधी
शारजाच्या या चौकात मी उभी असते,
मुठीत टिकटिक यंत्र,
अंगठ्याखाली एकेक पोपट.

ते येत नाहीत, कुणी भिरकावल्यासारखे पडतात,
कर्कश, हिरवे, मनी एक्स्चेंजची काच चुकवून.
कधी न चुकवता.
आपटलेल्यांची वही वेगळी.

चारशे बारा.
हिवाळ्यात सहाशे तीस होते.

बसची वाट पाहणारे विचारतात,
ताई, आपल्याकडचेच ना हे?
असतील. कुणाच्या पिंजऱ्याची कडी सैल राहिली असेल,
त्यालाही आता कितीतरी पिढ्या झाल्या.
पढवलेलं सगळं विसरलेत. राम नाही, मिठू नाही,
फक्त स्वतःची ओरड.
तुम्हाला जी उपमा सुचतेय ती मलाही सुचते.
मी ती लिहीत नाही. मी मोजते.

जूनमध्ये गुल जमीन खोकं घेऊन दवाखान्यात आला.
खजुरांच्या वाळक्या झावळ्या उतरवतो तो,
चाळीस फुटांवर, कमरेला एक दोर.
मेलेल्या खजुराच्या ढोलीत सापडला म्हणाला,
भुंग्याने पोखरलेलं झाड, उद्या कापणार होते.
खोक्यात शेपूट नसलेलं काहीतरी.
छाती उघडी, गुलाबी,
चोच नखासारखी वाढलेली, मधोमध तडा.
कंठ फुटायच्या वयाचा नर,
आणि मानेभोवती रेघसुद्धा नाही.

डॉक्टर शीजा म्हणाल्या, पिसं लॅबला पाठव.
मग हातमोजे काढताना हळूच,
रिपोर्ट कशाला हवाय आपल्याला.
तो टॉवेलात माझ्या बोटाला चावला.
जोर होता अजून.
सुई दिली तेव्हा साडेचार वाजले होते.

हा विषाणू पिसांच्या भुग्यात राहतो,
ताटलीच्या कडेला, महिनोन्‌महिने.
आणि ताटली कुणाची, ते साऱ्या गल्लीला माहीत.

बहरोजचाचांची गच्ची. खाली मसाल्यांचं दुकान,
वर ॲल्युमिनियमची परात, सूर्यफुलाच्या बिया,
बावीस वर्षांची विष्ठा थरावर थर.
मी फोटो दाखवले. पाणी वेगळं ठेवा म्हटलं,
परात रोज धुवा, नाहीतर बंद करा.
त्यांनी चष्मा काढला.
माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी मेलं नाही, खानुम.
मी म्हटलं, मेलं.
हे मी जरा सावकाश म्हणायला हवं होतं.

तीन आठवडे जिऱ्याची पुडी
पोऱ्याच्या हातून मिळाली.

मग एका दुपारी, सावलीत शेहेचाळीस,
दवाखान्याच्या खिडकीतून दिसलं,
समोरच्या गच्चीवर पाच पराती पालथ्या,
उन्हात ओळीने, डोळ्यांत खुपतील इतक्या चकचकीत,
आणि चाचा उकिडवे बसून सहावी घासताहेत.
ब्लीचचा वास रस्ता ओलांडून आला.
कठड्यावर एकही पोपट नव्हता.
सगळे एसीच्या नळीला उलटे लटकलेले,
जाड काळी जीभ बाहेर,
थेंबामागून थेंब.

इथे काही बदललं असं मला म्हणायचं नाही.
तो खजूर कापला गेला, ढोलीसकट.
शेजारच्या ढोलीवर आधीच साळुंक्या बसल्यात.
आकडा खालीच जातोय.

काल चाचा मोजणीला आले, पहिल्यांदाच,
खिशात बिया, पण खिशातच ठेवल्या.
किती, त्यांनी विचारलं. थांबा म्हटलं.
उजेड जवळजवळ संपला होता.
एक पान हललं, की पोपट बसला, कळेना.
अंगठा तेवढ्यात खाली गेला होता.

वहीत लिहिलं:
तीनशे सत्याण्णव.
आणि एक संशयित.